आमच्या परसातला ट्रॅक्टर

मराठीच्या प्राध्यापिकेच्या घरी येणारे पाहुणे आधी पुस्तकांच्या कपाटाकडे पाहतात, असा आमचा अनुभव. परंतु २०२० सालच्या फेब्रुवारीपासून पुढे आठ-नऊ महिने आमच्याकडे जो कोणी आला, त्याची नजर आधी परसात गेली आणि तिथेच थबकली. तुळशीवृंदावन आणि धुण्याचा दगड यांच्या मधोमध एक जुना ट्रॅक्टर उभा होता. रंग ओळखू येत नव्हता, एका चाकात हवा नव्हती आणि आसनाखाली वाळक्या चिखलात गवत उगवले होते.

शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी विचारले, "मॅडम, शेत घेतलासा काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांना कळले, की शेत जुनेच आहे, ट्रॅक्टरही जुनाच आहे आणि तो चालत नाही. तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "मग हितं कशाला आणलासा?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून तर हा लेख.

आमचे गाव प्रयाग चिखली. कोल्हापूरहून हाकेच्या अंतरावर. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या, आणि गुप्त रूपाने सरस्वती, अशा पाच जणी एकत्र येऊन जिथे पंचगंगा होतात, ते हे ठिकाण. जमीन काळी, ऊस उंच आणि पाऊसकाळात छातीत धडधड कायमची. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, १९८६ साली कर्ज काढून एक आयशर ट्रॅक्टर घेतला. एकाच सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा, चोवीस-पंचवीस अश्वशक्तीचा. आजच्या धिप्पाड ट्रॅक्टरांपुढे तो धाकट्या भावंडासारखा दिसतो. पण आमच्याकडे शेते एकर-दोन एकरांची, बांध जवळजवळ आणि वाटा अरुंद. तिथे हेच लहान मापाचे यंत्र कामाचे.

या ट्रॅक्टरचे घराणे मोठे गमतीचे आहे. जर्मनीत बव्हेरियातल्या आयशर बंधूंनी १९३६ साली आपला पहिला ट्रॅक्टर बांधला, आणि पुढे हवेवर थंड होणाऱ्या डिझेल इंजिनासाठी त्यांचे नाव झाले. त्याच घराण्याची शाखा हिंदुस्थानात आली आणि २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर म्हणून त्याचे नाव घेतले जाते. २००५ साली हा व्यवसाय मद्रासच्या टॅफे कंपनीकडे गेला. आबांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते, की याला रेडिएटर नाही, म्हणजे पाणी भरायची कटकट नाही. "याला पाणी लागत न्हाई," असे ते अभिमानाने सांगत. पुढे या यंत्राला जे पाणी लागले ते पाहता हे वाक्य आम्ही घरात पुन्हा उच्चारलेले नाही.

स्वतःचे शेत झाले की ट्रॅक्टर भाड्याने जाई. भाडे तासावर. त्याचा हिशेब ठेवण्यासाठी आबांनी शंभर पानी वही आणली आणि ती माझ्या हाती दिली. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. मी तेव्हा आठ वर्षांची. संध्याकाळी कंदिलाजवळ बसून आबा सांगत आणि मी लिही: तारीख, शेतकऱ्याचे नाव, काम, तास, डिझेल, भाडे. नांगरट, सऱ्या सोडणे, शेणखत ओढणे, गूळ अड्ड्यावर नेणे. आज विद्यार्थ्यांना शुद्धलेखन शिकवताना मला वाटते, की माझे अक्षर शाळेने वळवले नाही, त्या तासांच्या वहीने वळवले. आणि माझ्या एम. ए. पर्यंतच्या फिया याच वहीतल्या भाड्याच्या रकान्यातून गेल्या.

आता २०१९ सालच्या ऑगस्टकडे येते. तो महापूर कोल्हापूरकर विसरणार नाहीत. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद पडला. चिखली आणि आंबेवाडी ही दोन्ही गावे रिकामी करावी लागली.

आबांनी २००५ चा पूर पाहिला होता. त्या पुराचे पाणी गोठ्याच्या भिंतीवर जिथवर आले, तिथे त्यांनी तांबड्या रंगाने एक रेघ ओढून ठेवली होती. २०१९ साली पाणी चढू लागले तेव्हा त्यांनी ट्रॅक्टर त्या रेघेच्या वर, गोठ्यामागच्या भरावावर नेऊन लावला, म्हशी सोडल्या आणि निश्चिंत मनाने गाव सोडले. पाणी रेघेपाशी थांबले नाही. परतलो तेव्हा ट्रॅक्टरच्या चिमणीच्या टोकाला शेवाळाचा गोंडा लोंबत होता. घरातली तासांची वही भिजून फुगली होती. शाई वाहून गेली होती, पाने एकमेकांना चिकटली होती.

आबा ट्रॅक्टरजवळ गेलेच नाहीत. ताडपत्री टाकली आणि पाठ फिरवली. फक्त एकदा, जेवताना, कोणी विचारलेले नसताना म्हणाले, "मी रेघ बघूनच लावला हुता." त्यानंतर त्यांचे बोलणेच कमी झाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत ज्या माणसाचा अंदाज गावाने मानला, तो अंदाज चुकला होता. नुकसान यंत्राचे दिसत होते, खरे नुकसान हे होते.

धाकटा भाऊ कागलकडे कारखान्यात नोकरी करतो आणि शेतही पाहतो. त्याने भंगारवाल्याला बोलावले. किलोवर भाव ठरला. "अक्का, दुरुस्तीला जेवढं लागंल, तेवढ्यात भाड्यानं कैक वर्सं नांगरट हुईल," हा त्याचा हिशेब. मी कागदावर मांडून पाहिला, तो बरोबर निघाला. तरी मी म्हटले, "भंगारवाल्याला काय द्यायचंय ते मी देते. ट्रॅक्टर माझ्या घरी पाठव." आमचे हे त्या वेळी चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, पण बोलले काही नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आबांनाही मी काही दिवस कोल्हापूरला राहायला म्हणून घेऊन आले.

उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री ट्रॅक्टर पाहायला आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पुरानंतर कुणी सेल्फ मारून बघितला काय?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्याचे कारण त्यांनी सांगितले, ते घरोघरी माहीत असावे असे आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो, की ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बुडालेले इंजिन कधीही चालू करून पाहू नये. आधी नोझल काढायचे, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचे, सगळे ऑइल सोडून द्यायचे आणि सिलिंडरमध्ये डिझेल-ऑइल ओतून ठेवायचे. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत केले तर पुष्कळसे वाचते. आम्ही सहा महिने घालवले होते. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटला होता.

मिस्त्री म्हणाले, "ताई, पुढच्या आठवड्यापासून येतो." आणि पुढच्या आठवड्यात देशभर टाळेबंदी लागली.

कॉलेज बंद, वर्कशॉप बंद, रस्ते ओस. घरात मी, आमचे हे, चिरंजीव आणि आबा, आणि परसात ट्रॅक्टर. मिस्त्रींनीच तोड काढली. ते व्हिडिओ कॉलवरून सांगणार आणि आम्ही करणार. सकाळी अकराला मी विद्यार्थ्यांना संतसाहित्य शिकवीत असे आणि चारला मिस्त्री मला इंजिन शिकवीत. माझ्या विद्यार्थ्यांइतकीच मीही गोंधळत होते. "ताई, फोन जरा खाली धरा, मला तुमच्या घरचा माळा दिसतोय," हे वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकू येई.

पहिले काम चिखल काढण्याचे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरभोवती बिडाच्या पातळ पट्ट्या असतात, माशाच्या कल्ल्यासारख्या. पंख्याची हवा त्यांच्यामधून जाते आणि उष्णता घेऊन जाते. त्या फटींत गाळ बसून त्याची वीट झाली होती. ती तशीच राहिली असती, तर इंजिन चालू झाले तरी तापून जाम झाले असते. चिरंजीवांनी जुने दात घासायचे ब्रश, केरसुणीच्या काड्या आणि रॉकेल घेऊन पाच दिवस या फटी कोरल्या. दहावीच्या भूमितीत त्याने एवढी चिकाटी कधी दाखवली नव्हती.

मग ऑइल सोडले. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून तळाचा बूच सैल करताच आधी पंचगंगाच बाहेर आली, नंतर दुधाळ चहासारखे काहीतरी. गिअरबॉक्समध्ये तीच गत, हायड्रॉलिकमध्ये तीच. हा हायड्रॉलिकचा भाग म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचे ते तीन दांडे, ज्यांना नांगर अडकवतात आणि जे एका कळीसरशी वर-खाली होतात. ही हॅरी फर्ग्युसन या आयरिश गृहस्थाची देणगी. त्यांच्या लहानशा करड्या ट्रॅक्टरचा कारखाना १९४६ साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीला सुरू झाला, आणि आज जगातले बहुतेक ट्रॅक्टर तीच तीन दांड्यांची रचना वापरतात. चिरंजीवांनी कुठूनशी माहिती काढली, की एव्हरेस्टवीर हिलरी हे ४ जानेवारी १९५८ रोजी अशाच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून दक्षिण ध्रुवावर पोहोचले. त्याने ती जेवताना सांगितली. आबा कितीतरी दिवसांनी हसले आणि म्हणाले, "बर्फातनं गेला, चिखलातनं जाऊन बघ म्हणावं."

पण अजून ते परसात येत नव्हते. ओट्यावर खुर्ची घेत, ती ट्रॅक्टरकडे पाठ करून.

हेड काढायचा दिवस आला. नट गंजलेले. मी पाना लावला आणि अंगातले सगळे बळ खर्चून सोडायच्या बाजूला ओढला. पाना घसरला, बोटे सोलवटली आणि नटाचे कोपरे गोल झाले. दुसऱ्यांदा लावणार, तोच मागून आवाज आला, "उभी ऱ्हा."

आबा खाली आले होते. त्यांनी हातोडी घेतली आणि नटाच्या डोक्यावर चार हलके ठोके दिले. "गंज आधी ठोकून मोडायचा. मग नट जरासा आवळायचा. आवळला की त्यो हलतो. हलला की मग सोडायचा. एकदम सोडायला गेलं की बोल्ट तुटतो." त्यांनी तसे केले. नटाने 'किर्र' केले आणि सुटला. त्यांचा हात थरथरत होता, पण पाना हातात असेतोवर थरथर दिसली नाही. त्या दिवसापासून ओट्यावरची खुर्ची परसात आली आणि तिचे तोंड फिरले.

पिस्टनने मात्र आमचा अंत पाहिला. वरून डिझेल आणि ऑइल ओतायचे, रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे. लोखंडाचा घाव पिस्टनवर थेट घालायचा नाही, हा आबांचा दंडक. सतरा दिवस असे गेले. अठराव्या दिवशी तो केसभर सरकला. आमच्या घरात मुलाच्या पहिल्या पावलाला झाला नव्हता एवढा गलका झाला. शेजारच्या काकू गच्चीतून ओरडल्या, "चालू झाला व्हय?" चालू होण्याला अजून पाच महिने होते.

जूनमध्ये दुकाने उघडली आणि मी शिवाजी उद्यमनगरात जाऊ लागले. आयुष्य कोल्हापुरात गेले, पण हा भाग मी रिक्षातून ओलांडण्यापुरताच पाहिला होता. कोल्हापूर म्हटले की आपण कुस्ती, चित्रपट, गूळ, चप्पल आणि तांबडा-पांढरा रस्सा सांगतो. परंतु याच गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, हे आपण कलेच्या खाती मांडतो. ते कारागिरीच्या खातीही मांडले पाहिजे. नदीचे पाणी उपसायला आणि उसाचे चरक फिरवायला इकडे ऑइल इंजिने आली. ती बिघडू लागली, म्हणून दुरुस्तीच्या शाळा निघाल्या. मोडलेला भाग परगावाहून मागवण्यापेक्षा इथेच ओतू, असे म्हणता म्हणता बिडाच्या फौंड्र्या उभ्या राहिल्या. तिकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीला माळावर कारखाना वसवला. त्यांचे लोखंडी नांगर सुरुवातीला विकले जाईनात, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. त्या नांगरापासून आमच्या ट्रॅक्टरपर्यंत सरळ वाट येते.

उद्यमनगरात माझी पदवी कोणी विचारली नाही. सुरुवातीला मी पदर सावरून "कृपया मला याचा एक भाग हवा होता," असे बोलत असे. तिसऱ्या खेपेला मी काउंटरवर जुनी रिंग ठेवून म्हणाले, "ह्या मापाची द्या. आणि पॅकिंग जाड नको." दुकानदाराने वर पाहिले आणि "बसा ताई," म्हणून स्टूल दिले. सिलिंडरला गंजाचे खड्डे पडले होते, म्हणून नवा लायनर, पिस्टन आणि रिंगा घेतल्या. डिझेलचा पंप पंपवाल्याकडे देऊन चाचणीवर जुळवून घेतला. एका बोल्टाचे आटे गेले होते, ते लेथवाल्याने पाच मिनिटांत नवे पाडून दिले आणि पैसे घेतले नाहीत. "इंजिनिअर हाय काय तुम्ही?" त्याने विचारले. मी म्हटले, "नाही, मराठी शिकवते." तो म्हणाला, "मग बरं हाय. सांगितल्यालं ऐकता."

आता मिस्त्री प्रत्यक्ष येऊ लागले. व्हॉल्व पेस्ट लावून घासून बसवले, क्लचप्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटली होती ती सोडवली, सेल्फ उघडून वाळवला, टाकी तीनदा धुतली. मी एक नवी वही घातली. आबा सांगत आणि मी लिही: तारीख, काम, सामान, पैसे. एकूण बेरीज बहात्तर हजारांच्या घरात गेली. ती भावाला सांगताना मी आवाज खाली आणला होता, हे कबूल करते.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी चालू करायचे ठरले. डिझेलच्या नळीतली हवा काढणे हे शेवटचे काम. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही. बूच सैल करायचा, हाताने पंप मारायचा आणि फेस संपून स्वच्छ डिझेलची धार लागली की आवळायचा. मिस्त्रींनी आबांना म्हटले, "बसा वर." आबा म्हणाले, "हिला बसवा." मी बसले. पहिल्या वेळी नुसती घरघर. दुसऱ्या वेळी पांढऱ्या धुराचा एक लोट आणि पुन्हा शांतता. तिसऱ्या वेळी एक ठोका पडला. मग दुसरा. मग तो एका सिलिंडरचा मोकळा, सावकाश आवाज, जो मी लहानपणी गावाच्या वेशीपासून ओळखत असे: धग्, धग्, धग्. काचेची तावदाने वाजू लागली. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी सायलेन्सरजवळ हात नेऊन धुराची ऊब पाहिली, जसे म्हशीच्या नाकाशी हात नेऊन पाहतात, आणि म्हणाले, "दहा तास चालला की ऑइल पुन्हा बदला. आत पाणी लपून ऱ्हातंय."

त्या दिवाळीला ट्रॅक्टर चिखलीला परत गेला. भावाने तो ठेवून घेतला, पण उपयोगाबद्दल त्याचे मत बदलले नव्हते.

ते बदलले २०२१ च्या जुलैत. पुन्हा तसाच पाऊस लागला. २२ तारखेला सकाळी आबांनी भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलेसुद्धा नाही. "पाणी रस्त्याला लागायच्या आत निघायचं," एवढेच म्हणाले. भावाने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. आमचे धान्य, भांडी, म्हशीचे रेडकू, मग शेजारच्यांची धान्याची पोती, पलीकडच्या घरची बाळंतीण आणि तिचे तान्हे, असे करीत दुपारपर्यंत सोनतळीच्या माळावर सात खेपा झाल्या. आठवी खेप निघाली तेव्हा वाटेत पाणी आले होते. आबांनी हात करून ट्रॅक्टर माळावरच थांबवला. या खेपेला पाणी २०१९ इतकेच, किंबहुना थोडे जास्तच चढले. ट्रॅक्टर मात्र कोरडा राहिला.

पूर ओसरल्यावर मी गावी गेले. भाऊ गोठ्याच्या भिंतीशी रंगाचा डबा घेऊन उभा होता. त्याने विचारले, "आबा, नवी रेघ कुठं मारू?" आबा म्हणाले, "मारू नगंस. जुनी बी पुसून टाक."

संध्याकाळी आम्ही वही काढली. मी तारीख लिहिली, काम लिहिले: चिखली ते सोनतळी, खेपा सात. तास लिहिले, डिझेल लिहिले. भाड्याच्या रकान्यापाशी थांबून मी आबांकडे पाहिले.

"त्यो रकाना सोड," ते म्हणाले, "फुडचं लिही. सोमवारी ऑइल बदलायचंय."